भिंतीवरचा तक्ता पुरत नाही

मिथेनॉलच्या ज्योतीत स्ट्राँशियमचा क्षार असला की ती लालभडक दिसते, तांब्याचा असला की हिरवी, सोडियमचा असला की पिवळी. पाच-सहा वाट्यांत वेगवेगळे क्षार आणि थोडे थोडे मिथेनॉल घेऊन पेटवले की टेबलावर इंद्रधनुष्य उभे राहते. अमेरिकेतल्या शाळांत हे प्रात्यक्षिक वर्षानुवर्षे लाडके होते, आणि याच प्रात्यक्षिकात मुले पुन्हा पुन्हा भाजली. २००६ साली ओहायो राज्यातल्या एका शाळेत ते पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीचे चाळीस टक्क्यांहून अधिक अंग भाजले.

अमेरिकेत केमिकल सेफ्टी बोर्ड नावाची एक स्वतंत्र सरकारी यंत्रणा आहे. ती १९९८ पासून रासायनिक अपघातांची चौकशी करते. दंड करणे हे तिचे काम नाही. अपघात का झाला हे शोधायचे आणि ते सगळ्यांना सांगायचे, एवढेच तिचे काम. तिच्या चित्रफिती कुणालाही फुकट पाहता येतात. डिसेंबर २०१३ मध्ये या बोर्डाने 'आफ्टर द रेनबो' ही छोटी चित्रफीत काढली. तीत ओहायोतली ती मुलगी, आता मोठी झालेली, स्वतः बोलते. आगीचा क्षण, रुग्णालय, नंतरची वर्षे हे सगळे ती शांतपणे सांगते. पाहणारा शिक्षक मिथेनॉलची बाटली हातात घेताना दोनदा विचार करील, अशीच ती चित्रफीत आहे.

आणि तरीही काही आठवड्यांत, २ जानेवारी २०१४ रोजी, न्यू यॉर्क शहरातल्या एका शाळेत तेच प्रात्यक्षिक झाले आणि दोन विद्यार्थी भाजले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेन्व्हरमधल्या एका शाळेत मिथेनॉलच्याच दुसऱ्या प्रयोगात चार मुले जखमी झाली. २०१५ मध्ये व्हर्जिनियात पुन्हा इंद्रधनुष्य आणि पुन्हा भाजलेली मुले.

प्रयोगशाळेतली सुरक्षितता शिकवायची कशी, या प्रश्नाला मी इथूनच हात घालतो. उत्तम चित्रफीत होती आणि ती फुकट होती. पण ज्या वर्गात ती पोचायला हवी होती तिथे ती पोचली नाही. जिथे पोचली असेल तिथेही हातांची सवय नुसत्या पाहण्याने बदलली असती, याची खात्री नाही. तक्ता, चित्रफीत, संगणकावरची आभासी प्रयोगशाळा, प्रत्यक्ष प्रात्यक्षिक, अनुभवी माणसाचे बोलणे अशी किती तरी माध्यमे आपल्या हाताशी आहेत. प्रत्येकाला एक काम छान जमते आणि बाकीची जमत नाहीत. आपण मात्र बहुतेक ठिकाणी सगळे ओझे एकट्या तक्त्यावर टाकले आहे. दारामागे लावलेला, 'डूज अँड डोन्ट्स' असे शीर्षक असलेला, बारीक इंग्रजी अक्षरांतला तक्ता. अकरावीची मुले पहिल्या प्रॅक्टिकलला त्याच्यासमोरून जातात आणि वर्षभर पुन्हा त्याकडे पाहत नाहीत.

त्या तक्त्यावर 'ज्वालाग्राही द्रव ज्योतीजवळ नेऊ नये' असे एक वाक्य असतेच. वाक्य खरे आहे, पण त्यातून मिथेनॉलचा खरा धोका कळत नाही. मिथेनॉलची वाफ सुमारे ११ अंश सेल्सिअसला पेट घेण्याइतकी जमते. महाराष्ट्रातल्या वर्गात तापमान बहुतेक वर्षभर त्याच्या खूप वर असते. हवेत मिथेनॉलच्या वाफेचे प्रमाण साधारण ६ ते ३६ टक्के असेल तर ती पेटते, आणि खोलीच्या तापमानाला अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या वाफेचे प्रमाण नेमके याच पट्ट्यात असते. म्हणजे वरचा रिकामा भाग खरे तर भरलेला असतो, पेटायला तयार असलेल्या मिश्रणाने. त्यात शुद्ध मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. वाटीतली आग विझली असे समजून शिक्षक बाटलीतून आणखी थोडे ओततात. ज्योत धारेवरून मागे बाटलीत शिरते, आतली वाफ पेटते आणि बाटलीच्या तोंडातून जळत्या द्रवाचा झोत समोर बसलेल्या मुलांवर जातो. हे सगळे घडायला एक-दोन सेकंदही लागत नाहीत.

ही साखळी तक्त्यावर मांडता येत नाही. चित्रफितीत मात्र ती मांडता येते, कारण काळ लांबवणे आणि अदृश्य वाफ रंगवून दाखवणे ही त्या माध्यमाची ताकद आहे. केमिकल सेफ्टी बोर्डाच्या ॲनिमेशनमध्ये वाफेचा ढग कुठून कुठे सरकला, ठिणगी कुठे होती, हे डोळ्यांना दिसते. वाचलेला नियम आणि पाहिलेले कारण यांत मोठा फरक आहे. कारण कळले की नियमात न लिहिलेल्या प्रसंगातही माणूस सावध होतो.

त्याच बोर्डाची २०११ ची 'एक्सपेरिमेंटिंग विथ डेंजर' ही चित्रफीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात तीन घटना आहेत. पहिली टेक्सासमधल्या विद्यापीठातली, जानेवारी २०१० ची. निकेल हायड्रॅझीन परक्लोरेट हे स्फोटक संयुग एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचे नाही, असे ठरले होते. विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम केले, म्हणजे शंभर पट. खलात घोटताना स्फोट झाला आणि एका विद्यार्थ्याची तीन बोटे गेली. १०० मिलिग्रॅमची मर्यादा तोंडी होती. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि पाळली जाते की नाही हे तपासण्याची व्यवस्थाही नव्हती. त्याच गटात आधी थोडक्यात निभावलेले प्रसंग घडले होते, पण त्यांचीही नोंद कुठे नव्हती. तोंडी सूचना हेसुद्धा एक माध्यमच, आणि ग्रॅम-मिलिग्रॅमसारखे आकडे जपण्याच्या कामी ते सर्वांत कच्चे.

दुसरी घटना कॅलिफोर्नियातली, २९ डिसेंबर २००८ ची. टर्शरी ब्युटिल लिथियम हवेचा स्पर्श होताच पेटते. तेवीस वर्षांची एक संशोधन सहायक ते प्लास्टिकच्या सिरिंजने ओढत असताना दट्ट्या बाहेर आला. तिच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, लॅब कोट नव्हता. सेफ्टी शॉवर जवळ असूनही ती त्याखाली गेली नाही. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. शॉवर कुठे आहे हे माहीत असणे आणि अंगाला आग लागली असताना पाय तिकडे वळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट चित्रफीत शिकवू शकत नाही. ती फक्त चालून, दोरी ओढून, पुन्हा पुन्हा करून येते.

तिसरी घटना डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांची. त्या स्वतः जड धातूंच्या विषारी परिणामांच्या जाणकार होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये फ्यूम हूडखाली काम करताना डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या हातमोज्यावर सांडले. मोजे लेटेक्सचे होते. नंतरच्या चाचणीत दिसले की हा द्रव तसल्या मोज्यातून पंधरा सेकंदांत किंवा त्याहून लवकर आरपार जातो. लक्षणे काही महिन्यांनी उमटली आणि जून १९९७ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्या गेल्या. 'हातमोजे वापरा' हा नियम त्यांनी पाळला होता. कोणत्या रसायनाला कोणता मोजा आणि किती वेळ, हा पुढचा प्रश्न त्या दोन शब्दांच्या नियमात मावत नाही.

अशा घटना परदेशातच घडतात असे नाही. कॅलिफोर्नियातल्या त्या अपघाताला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २९ डिसेंबर २००९ रोजी, मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक दगावले. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या स्फोटात एका संशोधकाचा जीव गेला. या घटनांच्या बातम्या आल्या आणि विरल्या. नेमके काय घडले आणि काय करता आले असते, हे आपल्या भाषांत, आपल्या प्रयोगशाळांच्या चित्रांसह वर्गापर्यंत यायला हवे होते. मुलांना आपल्यासारखीच बाके, तसेच नळ आणि तसल्याच बाटल्या दिसल्या, तर गोष्ट दूरची राहत नाही.

चित्रफीत करायची तर कशी, याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ काम केले आहे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र कसे शिकवतात याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यांचे काही निष्कर्ष आपण रोज मोडतो. हलते चित्र दाखवताना निवेदन कानावर पडत असेल, तर तीच वाक्ये पडद्यावर पुन्हा लिहू नयेत. डोळे वाचनात गुंततात आणि चित्र निसटते. विषयाशी संबंध नसलेली सजावट आणि संगीत शिकण्याच्या आड येते. लांबलचक ओघापेक्षा छोटे तुकडे बरे, आणि पुस्तकी भाषेपेक्षा समोरच्याशी बोलल्यासारखी भाषा बरी. या शेवटच्या मुद्द्यावरून मला वाटते की अकरावीच्या मुलांसाठी मराठीतली, खऱ्या बोलण्यातली दोन मिनिटांची चित्रफीत ही इंग्रजीतल्या वीस मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा जास्त कामाची. बीकर, पिपेट, बर्नर, कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड हे शब्द आहेत तसेच ठेवावेत. मुले तेच बोलतात.

इथेच एक गैरसमज बाजूला करायला हवा. 'वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, केलेले ९० टक्के' असा एक त्रिकोण शिक्षक प्रशिक्षणात सर्रास दाखवला जातो आणि खाली एडगर डेल यांचे नाव असते. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरे, पण त्यात टक्केवारी नव्हती. ते आकडे नंतर कुणी तरी चिकटवले. शिक्षणाची माध्यमे निवडताना अशा गोल आकड्यांवर विसंबू नये. कोणते माध्यम श्रेष्ठ, हा प्रश्नच चुकीचा आहे. कशासाठी, हे आधी ठरवावे लागते.

तक्त्याचेच घ्या. तक्ता शिकवत नाही, आठवण करून देतो, आणि ज्या जागी आठवण हवी त्याच जागी तो हवा. बाटल्यांवरच्या खुणा हा त्याचा सर्वांत चांगला प्रकार. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल कडेचा, एका कोपऱ्यावर उभा चौकोन आणि आत काळे चित्र, अशा नऊ खुणा संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत ठरल्या आहेत. ती पद्धत पहिल्यांदा २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. कवटी सगळ्यांना कळते. पण नुसती ज्योत म्हणजे पेटणारा पदार्थ आणि वर्तुळावरची ज्योत म्हणजे दुसऱ्याला पेटायला मदत करणारा ऑक्सिडायझर, हा फरक शिकवल्याशिवाय कळत नाही. माणसाच्या छातीवर चांदणी फुटल्यासारखे चित्र म्हणजे कर्करोग किंवा अवयवांना दीर्घकाळाने होणारी इजा, हे कुणी आपोआप ओळखणार नाही. चित्र सर्वांना समजते ही समजूत इथे टिकत नाही.

त्याहून मोठा घोटाळा आकड्यांचा आहे. अमेरिकी अग्निसुरक्षा पद्धतीतल्या निळ्या-लाल-पिवळ्या-पांढऱ्या चौकटीत ० म्हणजे धोका नाही आणि ४ म्हणजे सर्वाधिक. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत वर्ग १ म्हणजे सर्वाधिक धोका आणि आकडा वाढेल तसा धोका कमी. दोन्ही खुणा एकाच कपाटात, कधी एकाच बाटलीवर सापडतात. 'लाल चौकटीत १ आहे' आणि 'ज्वालाग्राही, वर्ग १' ही दोन वाक्ये एकमेकांच्या उलट आहेत. हे मुलांना वर्गात, खऱ्या बाटल्या समोर ठेवून, एकदा तरी दाखवावे. रसायनाबरोबर येणारी सुरक्षा माहितीपत्रिकाही त्याच वेळी उघडावी. तिचे १६ विभाग असतात. सगळे वाचायला कुणी बसणार नाही, पण चौथा विभाग प्रथमोपचाराचा, पाचवा आग विझवण्याचा, आठवा संरक्षक साधनांचा आणि दहावा रासायनिक स्थिरतेचा, एवढे ठाऊक असले तर गरजेच्या वेळी योग्य पान सापडते.

आभासी प्रयोगशाळांकडे मी आशेने पाहतो. अमृता विश्व विद्यापीठ आणि मुंबईची सी-डॅक यांनी उभ्या केलेल्या 'ओलॅब्ज'मध्ये शालेय प्रयोग मराठीतही आहेत. २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली तेव्हा कितीतरी मुलांची प्रॅक्टिकल अशा पडद्यांवरच झाली. प्रयोगाचा क्रम आणि निरीक्षणांचा अर्थ तिथे छान समजतो. पण पडद्यावरची परीक्षानळी फुटत नाही आणि ॲसिड गरम होत नाही. सल्फ्युरिक ॲसिडची घनता पाण्याच्या १.८४ पट. त्यावर पाणी ओतले तर ते वरच राहते, सीमेवरच उकळते आणि ॲसिड घेऊन तोंडावर उडते. म्हणून पाण्यात ॲसिड, थोडे थोडे, ढवळत. आभासी प्रयोगात उलटे केले तर नुसती 'पुन्हा प्रयत्न करा' अशी पाटी येऊन चालणार नाही. बीकरमध्ये काय घडले असते ते दिसायला हवे. चूक करून पाहण्याची सोय ही या माध्यमाची खरी ताकद आहे आणि ती वापरायला हवी. त्यानंतर प्रत्यक्ष प्रयोगशाळेत शिक्षकांनी योग्य पद्धतीने ॲसिड पातळ करावे आणि मुलांनी बीकरला बाहेरून हात लावून ती उष्णता अनुभवावी. ती उष्णता पडद्यातून हाताला लागत नाही.

हातांना शिकवण्यासाठी महागडी साधने लागतात असेही नाही. हातमोज्यांवर हळद लावा, मुलांना साध्या पाण्याचे टायट्रेशन करायला सांगा, जर्नल लिहायला सांगा. मग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात भिजवलेला पांढरा कापूस पेनवर, जर्नलच्या कडेवर, नळाच्या चावीवर, खिशातल्या मोबाईलवर फिरवा. अल्कलीत हळद लाल होते. जिथे जिथे बोट लागले तिथे तिथे कापूस लाल होतो. मोजा घातलेला हात स्वच्छ नसतो, हे यानंतर पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरे प्रात्यक्षिक डोळ्यांचे, आणि ते शिक्षकांनीच, गॉगल लावून करावे. काचेच्या दोन बशांत अंड्याचा पांढरा बलक घ्यायचा. एकात तीव्र ॲसिडचा थेंब टाकला की तिथे लगेच पांढरा डाग पडतो, आणि कितीही पाणी ओतले तरी तो पुन्हा पारदर्शक होत नाही. दुसऱ्यात तीव्र कॉस्टिक सोडा. तिथे सुरुवातीला फारसे काही दिसत नाही. बलक पारदर्शकच राहून हळूहळू जेलीसारखा होत जातो. मुले ॲसिडला घाबरतात आणि अल्कलीला सौम्य समजतात. डोळ्यात मात्र अल्कली बहुधा जास्त घातक ठरते. ॲसिडमुळे प्रथिने साकळून थोडा अडसर तरी तयार होतो. अल्कली पेशींच्या पापुद्र्यातली स्निग्धे विरघळवत आत शिरत राहते. पानाच्या चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना फुटून लहान मुलांचे डोळे गेल्याच्या घटना भारतातल्या नेत्रतज्ज्ञांना चांगल्या परिचयाच्या आहेत. चुना घराघरांत असतो, म्हणून हा धडा प्रयोगशाळेपुरता नाही.

डोळ्यात काही उडाले तर लगेच, काही सेकंदांत, धुणे सुरू व्हायला हवे आणि निदान पंधरा मिनिटे चालू राहायला हवे. पंधरा मिनिटे किती लांब असतात हे घड्याळ लावून वाहत्या पाण्याजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आयवॉश नसेल तिथे नळाला स्वच्छ रबरी नळी लावून मंद धार ठेवता येते. आणि सराव डोळे मिटून करायला हवा: आपल्या टेबलापासून त्या नळापर्यंत, मित्राचा हात धरून. ॲसिड उडालेला माणूस डोळे उघडे ठेवून चालत नाही.

राहिले ते माध्यम ज्याचा विचार आपण माध्यम म्हणून करतच नाही. प्रत्येक महाविद्यालयात वीस-तीस वर्षे काम केलेले लॅब असिस्टंट असतात. कोणत्या बाटलीचे बूच अडकते, ईथर उन्हाळ्यात कुठे ठेवायचे, कुठल्या प्रयोगात दर वर्षी कुणाची तरी परीक्षानळी उडते, हे त्यांना पाठ असते. ते ज्ञान त्यांच्याबरोबर निवृत्त होते. त्यांना बोलते करून मोबाईलवर पाच-पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले, तर तो त्या प्रयोगशाळेचा स्वतःचा सुरक्षा-ग्रंथ होईल. जोडीला दाराशी एक वही असावी, थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांची, चुकणाऱ्याचे नाव न लिहिता. टेक्सासमध्ये तशी वही नव्हती.

आणि शिक्षक. मुलांना गॉगल लावायला सांगून स्वतः तसेच उभे राहणारे, किंवा 'मला सवय आहे' म्हणत तोंडाने पिपेट ओढणारे शिक्षक वर्षभराच्या सगळ्या चित्रफिती एका क्षणात पुसतात. मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले उचलतात.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये नवी बॅच आली की पहिले प्रॅक्टिकल मिश्रणाच्या विश्लेषणाने सुरू करू नका. ते पूर्ण सत्र सुरक्षिततेला द्या: एक चित्रफीत, चार खऱ्या बाटल्या, हळदीचे मोजे आणि नळापर्यंत डोळे मिटून चालणे. पहिली पंधरा मिनिटे लॅब असिस्टंटना बोलू द्या. आणि वार्षिक परीक्षेच्या व्हायवात यातला एक प्रश्न विचाराच, कारण ज्याला गुण नाहीत ते आपली मुले अभ्यासत नाहीत.